भिजत घोंगड्याचे निर्मूलन
(गांधीबाग व लगतच्या गल्ल्यांतील रहिवाशांनी जून ते सप्टेंबर या काळात पाळावयाच्या सूचना)

प्रस्तावना

नागपूरच्या गांधीबागेत कापडाला तोटा नाही. सेंट्रल एव्हेन्यूवरून अग्रसेन चौकाच्या बाजूने आत शिरलं की ठोक कापड बाजार सुरू होतो. सुटिंग, शर्टिंग, साड्या, चादरी, टॉवेल, अस्तर. गादीपासून छतापर्यंत ठाणांवर ठाण. विदर्भातल्या गावोगावचे दुकानदार इथून माल भरून नेतात. हे सगळं कापड खडखडीत कोरडं असतं. दुकानासमोरून नुसतं गेलं तरी नव्या कापडाच्या खळीचा वास येतो.

त्याच दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, आम्ही राहतो. आषाढ लागला की आमच्या अंगावरचं कापड वाळत नाही. खाली कोरं आणि वर कुबट, अशी ही इमारतीची रचना आहे. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातली फोडणी आपल्या शर्टाला बसते. ऊन गल्लीत येतं ते बारा ते साडेबारा, आणि तेही समोरच्याने गच्चीवर ताडपत्री बांधली नसेल तर.

या विसंगतीवर उतारा म्हणून सदर मार्गदर्शिका सादर आहे. लेखकाची पात्रता: दीड खिडकीच्या घरात सहा माणसांचे कपडे वाळवण्याचा पंचवीस पावसाळ्यांचा अनुभव, त्यापैकी चोवीस अयशस्वी.

कलम १ : व्याख्या

धुतलेल्या कपड्याला येणारा, ओल्या पोत्याशी आणि शिळ्या ताकाशी दूरचं नातं सांगणारा वास म्हणजे कुबट वास. त्याच्या तीन अवस्था आहेत.

(अ) संशयित. हा वास घरातल्या एकाच व्यक्तीला येतो. बाकीचे तिला ‘तुझं नाकच तसलं’ असं सांगून कपडा घालून निघून जातात.

(आ) सिद्ध. कपडा घालून पंख्याखाली बसलं की सगळ्यांना येतो. प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहतो.

(इ) सार्वजनिक. मेट्रोत शेजारचा माणूस दांडी सोडून पुढच्या दाराशी जाऊन उभा राहतो. पूर्वी ही अवस्था ऑटोच्या वाऱ्यावर खपून जायची. ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रो सेंट्रल एव्हेन्यूवरून धावू लागली आणि बंद, वातानुकूलित डब्यात गांधीबागेची ही गुपितं उघड झाली.

चाचणी सोपी आहे. कोरडा वाटणारा कपडा तोंडाजवळ धरून त्याला वाफ द्या आणि मग हुंगा. कोरडेपणी हा वास दडून बसतो आणि ओल मिळाली की बाहेर येतो. म्हणूनच सकाळी निर्मळ वाटलेला शर्ट दुपारी घाम आला की घात करतो.

कलम २ : कारणमीमांसा

या वासाचा ठपका आजवर पावसावर, साबणावर, घरमालकावर आणि सुनेवर ठेवण्यात आला आहे. चौघेही निर्दोष आहेत. २०१२ साली जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी खरा आरोपी पकडला. साबण विकणारेच वासाच्या मागावर निघाले, हे ओघाने आलंच. आरोपीचं नाव मोराक्सेला ओस्लोएन्सिस. हा जीवाणू माणसाच्या त्वचेवरचा घाम आणि तेल कपड्यातून खातो आणि ४-मिथाइल-३-हेक्झेनॉइक आम्ल नावाचं द्रव्य तयार करतो. कुबट वास तो हाच. आरोपी चिवट आहे. कपडा वाळला तरी मरत नाही, उन्हालाही बऱ्यापैकी पुरून उरतो. ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो.

त्याला लागतो तो फक्त वेळ. दोन-तीन तासांत वाळलेल्या कपड्यात त्याचा संसार उभा राहत नाही. वीस तास ओल्या राहिलेल्या कपड्यात त्याची नातवंडं खेळतात. म्हणून या मार्गदर्शिकेचं मूळ सूत्र इथेच नोंदवून ठेवतो: वास ओलीचा नसतो, उशिराचा असतो.

आपल्या भाषेला हे जपान्यांच्या आधी ठाऊक होतं. न सुटलेल्या प्रश्नाला आपण ‘भिजत घोंगडं’ म्हणतो. पुलाचं काम, भाडेकरूचा खटला, मुलीकडच्यांना द्यायचा निरोप, सगळं भिजत पडतं. आणि भिजत पडलेल्या सगळ्याच गोष्टींना कालांतराने तोच वास येतो.

कलम ३ : हवेचा हिशेब

मे महिन्यात प्रत्येक नागपूरकर हवामानशास्त्रज्ञ असतो. पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. ३० मे २०२४ ला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. पुढे यंत्राचा संवेदकच बिघडल्याचं निघालं, पण तोवर एकाही नागपूरकराने त्या आकड्यावर अविश्वास दाखवला नव्हता. या दिवसांत ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. कोरडेपणा हा या गावाचा जुना स्वभाव आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, आणि कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून तिथे हवा दमट करणारी यंत्रं बसवावी लागली. ज्या गावात दमटपणा पैसे मोजून आणला, तिथेच आता तो चार महिने फुकट मुक्कामाला येतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. चार किलो सुती कपडे धुऊन, मशीनमध्ये पिळून काढले तरी त्यांत सुमारे दोन लिटर पाणी उरतं. हे पाणी जायचं कुठे? तर खोलीच्या हवेत. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरा. सत्तावीस अंशांना या खोलीतली सगळी हवा मिळून जेमतेम पाऊण-एक लिटर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. पावसाळ्यात ती आधीच ऐंशी टक्के भरलेली असते. शिल्लक जागा पावणेदोनशे ग्रॅमची, म्हणजे एका मोठ्या कपाची.

दोन लिटर पाणी एका कपात ओतणं, याला आपण ‘घरात कपडे वाळत घालणं’ म्हणतो.

पंखा पाचवर ठेवून भागत नाही ते यामुळे. दारं-खिडक्या बंद असतील तर पंखा तीच भरलेली हवा गरागरा फिरवतो. खोलीतली हवा अकरा-बारा वेळा पूर्ण बदलेल तेव्हा ते दोन लिटर बाहेर जाईल. हवा बदला, फिरवू नका.

कलम ४ : साहित्य

एक वलणी (नसल्यास नायलॉनची दोरी, दोन खिळे आणि घरमालकाची दुपारची झोप). चिमटे, शक्यतो जोडीने. एक कूलर, पाण्याविना. एक इस्त्री किंवा एक वरठी (म्हणजे परीट). एक समंजस शेजारीण. घड्याळ.

यातलं घड्याळ सर्वांत महत्त्वाचं आणि घरात सर्वांत दुर्लक्षित असतं.

कलम ५ : कृती

पायरी पहिली, मुहूर्त. मशीन रात्री लावून झोपणे हा या विषयातला महागुन्हा आहे. रात्री अकराला थांबलेलं मशीन सकाळी सातला उघडायचं म्हणजे आरोपीला आठ तास बंद, उबदार, ओली खोली भाड्याने देणं. मशीन थांबायच्या वेळी घरात कोणीतरी मोकळ्या हाताचं माणूस असेल, असाच मुहूर्त काढावा. ‘हा एपिसोड संपला की काढते’ आणि ‘ऑफिसमधून आलो की काढतो’ हे दोन्ही मुहूर्त अशुभ. हाताने धुणाऱ्यांनी पिळलेल्या कपड्यांचा पिळा बादलीत ठेवून भाजी चिरायला बसू नये.

पायरी दुसरी, साबण. वास आला की पुढच्या धुण्यात पावडर दुप्पट टाकायची, अशी वहिवाट आहे. जास्तीची पावडर खळबळून निघत नाही, धाग्यात बसते आणि मळ धरून ठेवते. मापाइतकीच टाका आणि एक पाणी जास्त काढा. टॉवेल, चादरी, बनियनी यांना महिन्यातून एकदा साठ अंशांच्या गरम पाण्याचा प्रसाद द्यावा. त्या तापमानाला आरोपीची चिवटाई संपते. नाजूक आणि रंग जाणाऱ्या कपड्यांना यातून सूट. मशीनचं दारही तपासा. रबराच्या घडीत हात घालून पाहा. तिथे नाणी, केसांची पिन आणि वासाचं मूळ गाव, तिन्ही सापडतील.

पायरी तिसरी, पीळ. सेमी ऑटोमॅटिकवाल्यांनी पिळण्याचं भांडं निम्मं भरून दोनदा फिरवावं. पीळ हा स्वस्त आणि वाळवणं महाग. मशीनमध्ये पाच मिनिटांत जे पाणी निघतं, ते दोरीवर निघायला पाच तास लागतात.

पायरी चौथी, वलणी. दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर हवं. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर ओढून, कमरेकडून टांगा. टॉवेल दोन पदरी टाकू नका. चादर दोन दोऱ्यांवर तंबूसारखी ताणा, म्हणजे मधून वारा जाईल. पॉलिएस्टरची काळजी करू नका. त्याचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओल धरत नाही. साड्या आपसूक वाळतील. सुताची गोष्ट वेगळी. पूर्ण सुकवलेल्या शंभर ग्रॅम कापसावर साडेआठ ग्रॅम ओल ही व्यापारातसुद्धा वजनात धरली जाते. म्हणजे सुती कपडा कधीच पुरता कोरडा नसतो, फक्त तसा वागतो. त्यामुळे हाताला कोरडा लागला तरी शिवणीला, कॉलरला आणि इलॅस्टिकला वेगळं चाचपा.

इथे एका नाजूक विषयाला हात घालणं भाग आहे. आपल्या घरांत आतले कपडे उघड्यावर वाळत घालत नाहीत. ते परकराच्या खाली, परकर साडीच्या खाली, आणि साडी गच्चीच्या कोपऱ्यात, अशी लज्जारक्षणाची तीन पदरी व्यवस्था असते. परिणामी ज्या कपड्याने सर्वांत आधी आणि सर्वांत पूर्ण वाळायला हवं, तो सर्वांत शेवटी आणि अर्धवट वाळतो. पावसाळ्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे नायट्याची जी रांग लागते, तिच्यात या संस्काराचाही वाटा असावा. अब्रू झाकायची तर पडदा खिडकीला लावा, बनियनला नको.

पायरी पाचवी, कूलर. ही आमच्या गावाची देणगी आहे. इतर शहरांत पावसाळ्यात कपडे कशाने वाळवतात, देव जाणे. नागपुरात खिडकीत कूलर असतो. जूनच्या शेवटी त्यातलं पाणी काढून त्याला पन्नी बांधायची पद्धत आहे. ती एक महिना पुढे ढकला. पंप बंद, ताट्या काढून ठेवलेल्या, पंखा चालू. आणि समोर वलणी. बाहेरची हवा आत येते, कपड्यांतून जाते.

पण समोरची खिडकी उघडी हवी. हे मे महिन्यात लहान पोरालाही कळतं. कूलर लावून दार बंद केलं की सगळं घर ओरडतं, ‘अरे, खिडकी उघड ना, उमस होऊन राहिली!’ तीच मंडळी जुलैत कूलरसमोर कपडे टांगून ‘थंडी वाजते’ म्हणून सगळं बंद करून बसतात, आणि वर म्हणतात, ‘काहून वाळून नाही राहिले बाप्पा?’ बाहेर धो धो पाऊस चालू असेल तेव्हा मात्र कूलर बंद ठेवा. जाळीतून येणारे तुषार कपडे दुसऱ्यांदा धुतात.

पायरी सहावी, इस्त्री. शिवणीतली शेवटची ओल हिच्याशिवाय जात नाही. आमच्याकडे परटाला वरठी म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी त्याची कोळशाची इस्त्री असते, आणि पावसाळ्यात त्याच्या टेबलाजवळ उभं राहणं हाच या भागातला आरोग्यदायी उद्योग. इस्त्री झालेला कपडा गरम असताना लगेच घडी करून कपाटात कोंबू नका. वाफ घडीतच अडकते. पाच मिनिटं खुर्चीच्या पाठीवर टाका, मग परीटघडी.

पायरी सातवी, कपाट. लोखंडी कपाट पाऊस झेलणाऱ्या भिंतीला चिकटून ठेवू नका. चार बोटं पुढे ओढा. आठवड्यातून एकदा दुपारभर उघडं ठेवा. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, कपाटात टाका. कडुनिंबाचा पाला चालेल, पण तो वाळलेला असावा. ओला पाला कपाटात ठेवून ओल घालवणारी घरं लेखकाने पाहिली आहेत.

कलम ६ : निषिद्ध मार्ग

१. मोजे इन्व्हर्टरवर, हातरुमाल सेट टॉप बॉक्सवर आणि शाळेचा गणवेश फ्रिजच्या मागे वाळवणे. वाळतात, हे खरं. पण विजेच्या उपकरणाच्या जाळ्या झाकल्या की ते तापतं आणि आधी मोजा जातो, मग उपकरण. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस, नेमक्या पावसाबरोबर उघडतात. तेव्हा गणवेशाचे दोन नव्हे, तीन जोड शिवा. कापड बाजार खालीच आहे.

२. अत्तर, सेंट, सुगंधी द्रव. वासावर वास चढवल्याने तिसरा वास तयार होतो आणि त्याला मराठीत अजून नाव नाही.

३. डांबराच्या गोळ्या. त्या किडीला पळवतात, जीवाणूला नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर मुळीच नकोत. नॅप्थलीन काही बाळांच्या रक्ताला घातक ठरतं.

४. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करणे. वेगवेगळे वापरा. एकत्र केले की क्लोरीन वायू सुटतो आणि कपड्यांऐवजी माणसाला मोकळ्या हवेत न्यावं लागतं.

कलम ७ : शंकानिरसन

शंका: उन्हात वाळलेल्या कपड्याला एक छान वास येतो, तो खरा की मनाचा खेळ?
निरसन: खरा. कोपनहेगनच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये उन्हात आणि घरात वाळवलेले टॉवेल तपासले. उन्हातल्या ओल्या टॉवेलवर अल्डिहाइड गटातली सुवासिक द्रव्यं तयार झाली, घरातल्यावर नाही. आपल्या आजीने हेच, निधी न मागता, सांगितलं होतं.

शंका: पाऊस चार दिवस थांबलाच नाही तर?
निरसन: शेजारची चितार ओळ पाहून या. तिथले मूर्तिकार याच दिवसांत मातीचे गणपती वाळवत असतात, आणि त्यांना तारीख पुढे ढकलता येत नाही. प्लास्टिकखाली पंखा आणि दिवा लावून ते देवाची पाठ आणि पोट आळीपाळीने शेकत बसतात. तुमची चादर त्यापेक्षा पातळ आहे.

शंका: सगळं करून वास आलाच तर?
निरसन: कपडा पुन्हा धुवा, गरम पाण्याने. नुसता परत वाळवून उपयोग नाही. तेवढंही होत नसेल तर तान्ह्या पोळ्याची वाट पाहा. त्या दिवशी १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी, अशा मारबत नावाच्या पुतळ्यांची मिरवणूक नागपुरातून निघते आणि गावाची सारी पीडा बाहेर घेऊन जाते. सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांत महागाई असते, भ्रष्टाचार असतो. कुबट वासाचा बडग्या अजून कोणी काढलेला पाहिला नाही. मंडळांनी विचार करावा.

समारोप

हे शास्त्र मला ज्यांनी शिकवलं, ते आमच्याच इमारतीतल्या एका पेढीवरचे म्हातारे मुनीम. एका वर्षी पहाटेच्या पावसात पेढीचं शटर खालून गळलं आणि चादरींची एक गाठ तळाशी भिजली. मालक म्हणाले, आज गिऱ्हाइकी आहे, उद्या बघू. मुनीमजींनी ऐकलं नाही. हमालाकडून गाठ बाहेर ओढली, पट्ट्या कापल्या आणि भरबाजारात, गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून, ठाण उकलून दोऱ्यांवर टाकले. मी जिन्यात, हातात रात्रीच्या मशीनमधला पिळा घेऊन उभा होतो. त्यांनी आधी त्या पिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भाऊ, कपडा भिजला तं भिजला, त्याले काई होत नाही,” ते म्हणाले. “पण तसाच बांधून ठेवसान, तं मंग सडन. भिजलेली गाठ आजच्या आज उकलाची.”

त्या गाठीतल्या चादरी पुढे विकल्या गेल्या. माझा पिळा दोनदा पुन्हा धुवावा लागला.

तेव्हा वाचकहो, मशीन थांबलं असेल तर हा अंक खाली ठेवा आणि उठा.